‘स्पा’ नावाचं गाव

प्रश्न : आमच्या सोसायटीसमोर वर्षभरात तीन ‘स्पा’ उघडले. एका ठिकाणी दारावरच लिहिलंय की स्पा म्हणजे ‘सॅनिटास पेर आक्वाम’, लॅटिनमध्ये ‘पाण्याने आरोग्य’. आत मात्र मालिश, सुगंधी तेलं आणि मंद दिवे. हा शब्द खरंच लॅटिन आहे का? आणि त्यात पाणी कधी होतं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : पाणी होतं. ते थंडगार होतं, अंगावर घ्यायचं नसून प्यायचं होतं, आणि त्याला लोखंडाची चव होती. ‘स्पा’ हे मुळात एका गावाचं नाव. बेल्जियमच्या पूर्वेला, लिएज शहराच्या आग्नेयेस, आर्देन्नच्या दाट झाडीच्या डोंगरांत दहा हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव आजही नांदतं आहे. जगभरच्या पाट्यांवर गेलेला शब्द तिथला.

आधी त्या लॅटिन ओळीचा निकाल लावू. कुणी तिचा पहिला शब्द ‘सॅनिटास’ सांगतं, कुणी ‘सालुस’, कुणी ‘सानुस’. खरोखरच जुनं वचन असतं तर त्याचे तीन-तीन पाठ झाले नसते. रोमन ग्रंथांत किंवा शिलालेखांत ही आद्याक्षरं जोडून ‘स्पा’ केल्याचा दाखला नाही. शब्द आधी आला, त्याची फोड फार नंतर कुणीतरी बसवली. गावाच्या नावाचं मूळ काही अभ्यासक ‘स्पार्गेरे’ म्हणजे शिंपडणे, उधळणे या लॅटिन क्रियापदात शोधतात. बुडबुडे फोडत वर येणाऱ्या झऱ्याला ते शोभतंही. पण ती झाली गावाच्या नावाची चर्चा. आद्याक्षरांशी तिचा काही संबंध नाही.

आता पाण्याकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्या पाण्याच्या एका खोडीमुळे घडलं.

कोकणात किंवा जांभ्या दगडाच्या मुलखात कुणाकडे बोअरचं पाणी बघितलं असेल तर ही खोड तुमच्या ओळखीची असेल. बादली भरताना पाणी काचेसारखं नितळ दिसतं. तासाभराने वर पातळ, रंग बदलणारा तवंग धरतो. रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी तळाशी तांबूस गाळ बसलेला असतो आणि बादलीच्या कडेला घासून न निघणारा पिवळा डाग. जमिनीखाली हवा पोचत नाही, तिथे लोखंड पाण्यात विरघळून राहू शकतं. पाणी वर आलं, हवेतला प्राणवायू लागला की त्याच लोखंडाचा गंज होतो आणि तो खाली बसतो. आपल्याकडे अशा पाण्याला आपण नावं ठेवतो, कपडे धुवायलाही वापरत नाही. स्पामध्ये त्याच जातीच्या पाण्याने एका खेड्याला युरोपभर पोचवलं.

फरक आहे तो त्यातल्या वायूचा. गावाच्या वर ओत-फान्य नावाचं दलदलीचं पठार आहे. बेल्जियममधली सर्वांत उंच जागा, ६९४ मीटरची, याच पठारावर. तिथला पाऊस कुजलेल्या शेवाळाच्या जाड थरांतून मुरतो, आंबटसर होतो आणि अतिशय जुन्या खडकांच्या फटींतून खाली उतरताना लोखंड विरघळवून घेतो. पूर्वेला जर्मनीत आयफेलचा जुना ज्वालामुखी प्रदेश आहे. पृथ्वीच्या खोल पोटातून वर झिरपणारा कर्बवायू या पाण्यात मिसळतो, आणि झऱ्याच्या तोंडाशी ते सोड्यासारखं चुरचुरत बाहेर पडतं. वायू भरलेलं पाणी आंबट असल्यामुळे लोखंड आणखीच सहज धरून ठेवतं. वायू उडून गेला, हवा लागली की पकड सुटते. पाणी मचूळ होतं, गढूळतं आणि तांबडं पडतं.

पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात नेमकं हेच टिपून ठेवलं आहे. गॉल प्रांतातल्या तुंग्री लोकांच्या मुलखात एक झरा आहे, तो बुडबुड्यांनी चमचमतो, त्याच्या पाण्याला लोखंडाची चव असते, पण ती पिऊन झाल्यावर शेवटी जाणवते, आणि पाणी तापवलं तर आधी गढूळ होऊन मग लाल होतं, असा त्याच्या वर्णनाचा आशय. तो झरा स्पाचा की तोंगरेन गावचा, यावरून दोन्हीकडचे अभिमानी शतकानुशतकं भांडत आले आहेत. मला त्या भांडणापेक्षा प्लिनीची नजर मोलाची वाटते. चव शेवटी येते हे लिहायला पेला संपेपर्यंत जिभेवर लक्ष ठेवावं लागतं.

स्पामध्ये झऱ्याला ‘पुआँ’ म्हणतात. तिथल्या वालून बोलीत ‘पुही’ म्हणजे पाणी शेंदणे, त्यावरून हा शब्द आला. आपल्या ‘शेंदणे’ला इतका जवळचा परका शब्द मला दुसरा माहीत नाही. गावाच्या चौकातला मुख्य पुआँ सोडला तर बाकीचे झरे वरच्या रानात विखुरलेले आहेत. जेरोंस्तेरच्या पाण्याला गंधकाचा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. सोव्हनियेर झऱ्यापाशी दगडात एक पाऊल उमटलेलं दाखवतात. सातव्या शतकातले संत रेमाक्ल प्रार्थना करता करता तिथे पेंगले, म्हणून त्यांचा पाय दगडात रुतला अशी कथा आहे. मूल हवं असलेल्या बायका त्या पावलात आपलं पाऊल ठेवून झऱ्याचं पाणी पीत. आपल्याकडच्या कुठल्याही कुंडाकाठी ही कथा सांगितली तर कुणाला परकी वाटणार नाही.

गावकऱ्यांचं हे पाणी बाहेर गाजायला वैद्यांची लेखणी लागली. लिएजवर राज्य करणाऱ्या राजबिशपांचा वैद्य जिल्बेर लिंबोर याने १५५९ मध्ये आर्देन्नच्या रानातल्या आंबट झऱ्यांवर, विशेषतः स्पाच्या झऱ्यावर, पुस्तक लिहिलं. त्यानंतर पाणी घ्यायला येणाऱ्यांची रीघ लागली. स्थानिक लोक या पाहुण्यांना ‘बोबलँ’ म्हणत.

बोबलँचा दिवस भल्या पहाटे सुरू होई. अनशापोटी झऱ्यावर जायचं, पेला भरायचा, प्यायचा, थोडं चालायचं, पुन्हा पेला. वैद्य रोज थोडे थोडे पेले वाढवत नेई, शिखर गाठलं की तसेच उतरवत आणी. हिशेब चुकू नये म्हणून अंगरख्याला हस्तिदंताची एक लहानशी तबकडी अडकवलेली असे. तिच्यावर घड्याळासारखे आकडे आणि एक काटा. एक पेला झाला की काटा एक घर पुढे. इतकं गार पाणी पोटात गेल्यावर बाधू नये म्हणून बडीशेपेसारख्या दाण्यांवर साखर चढवलेल्या गोळ्या चघळत. ही तबकडी मला फार आवडते. आज मनगटावरचं यंत्र दिवसाची पावलं मोजतं, तसं तेव्हा ही चकती घोट मोजत होती.

इथे त्या खोडीचा परिणाम ध्यानात घ्या. हे पाणी घागरीत भरून घरी नेलं तर वाटेतच वायू जातो, लोखंड तळाशी बसतं, उरतं ते साधं गढूळ पाणी. म्हणून वैद्यांचा आग्रह, की प्यायचं तर झऱ्याच्या तोंडाशीच. पाणी प्रवास करू शकत नव्हतं, म्हणून माणसांनी प्रवास केला. उपचार काही आठवड्यांचा, पाणी पिऊन व्हायचं सकाळीच. मग उरलेला दिवस काय करायचं? त्यासाठी खाणावळी आल्या, फिरायला झाडीतल्या वाटा आल्या, नाच, नाटक, पत्ते आले. आपण ज्याला रिसॉर्ट म्हणतो ते असं उगवलं, पाणी जागेवरून हलत नाही एवढ्या एका कारणाने.

बाटल्या भरण्याची धडपड मात्र लोकांनी सोडली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पाचं पाणी फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याच्या दरबारात पोचत होतं, पुढे लंडनच्या बाजारातही येऊ लागलं. बूच घट्ट बसवून, हवा शिरू न देता जेवढं टिकेल तेवढं टिकवायचं. अठराव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी उलटा विचार केला, पाण्यात वायूच आपण घातला तर? इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ मध्ये अशा बुडबुड्यांच्या पाण्याची कृती छापून दिली. त्यांच्यासमोर जर्मनीतल्या पिरमाँट झऱ्याचा नमुना होता. स्वीडनमध्ये तोर्बेर्न बेरिमान हेही झऱ्यांची पाणी प्रयोगशाळेत बनवू लागले. तुम्ही-आम्ही लहानपणी अंगठ्याने गोटी दाबून प्यायलेला सोडा याच वंशातला आहे. झऱ्याची नक्कल करता करता सोडा जन्मला.

आता शब्दाची गोष्ट. गावाचं नाव इंग्रजीत सामान्य नाम कसं झालं?

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंड प्रोटेस्टंट झालं होतं, आणि कॅथलिकांना परदेशी जायचं तर परवानगी लागे. ‘स्पाचं पाणी घ्यायला जातो’ हे कारण सभ्य होतं आणि खोडून काढायला कठीण. स्पा लिएजच्या कॅथलिक राजबिशपांच्या अमलाखाली. तिथे परागंदा कॅथलिक मंडळी भेटत. औषधाच्या निमित्ताने कटाच्या बैठकी होतात असा लंडनला संशय. मग घरच्या झऱ्यांची तारीफ करणं ही एक प्रकारची राजनीतीच झाली. लोकांना इथेच पाणी मिळालं तर समुद्र ओलांडायचं निमित्त उरणार नाही. त्यातच स्पाला जाऊन आलेल्या विल्यम स्लिंग्जबी यांना १५७१ मध्ये यॉर्कशरमधल्या हॅरोगेटजवळ एका झऱ्याचं पाणी चाखताना तीच लोखंडी चव ओळखीची वाटली. पुढे १५९६ च्या सुमारास टिमोथी ब्राइट या वैद्याने त्या जागेला ‘इंग्लिश स्पॉ’ म्हटलं. हेच ते ब्राइट, ज्यांनी १५८८ मध्ये इंग्रजी लघुलेखनाची पद्धत प्रसिद्ध केली. १६२६ मध्ये एडमंड डीन यांनी हॅरोगेटवर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘स्पाडाक्रेने अँग्लिका’, म्हणजे इंग्लंडचा स्पा-झरा.

एकदा ‘इंग्लंडचा स्पा’ म्हणता आलं की स्पा हे एकाच गावाचं नाव राहत नाही. येवल्यात विणली तरी पैठणी ती पैठणीच, आणि सिंध कधी न पाहिलेल्या घरातही उपासाला सैंधव वापरतात. तसं झालं. बाथसारख्या गरम पाण्याच्या गावांनाही पुढे तोच शब्द लागला. नाव थंड झऱ्याचं, चिकटलं गरम कुंडाला. पिण्याकडून न्हाण्याकडे शब्द सरकला तो इथून.

मूळ गावात मात्र तोवर पाण्याभोवती दुसरंच काही वाढलं होतं. १७१७ च्या उन्हाळ्यात रशियाचा झार पीटर इथे राहून गेला. जेरोंस्तेरच्या वासाच्या पाण्याने त्याला आराम पडला, तसं प्रमाणपत्र त्याच्या वैद्याने गावाला लिहून दिलं आणि झारने नंतर संगमरवरी स्मारकफलक पाठवला. चौकातल्या पुआँला आज त्याचंच नाव आहे. १७६३ मध्ये ‘ला रदूत’ हे जुगारगृह उभं राहिलं, १७७० मध्ये ‘वोक्सहॉल’. परवाना राजबिशपांचा, नफ्यात वाटाही त्यांचा. १७८५ मध्ये लेव्होझ नावाच्या माणसाने या मक्तेदारीला न जुमानता तिसरं घर उघडलं. राजबिशपांनी ते बंद पाडायला बळ वापरलं. प्रांताच्या सभांना न विचारता असा मक्ता देण्याचा त्यांना अधिकार आहे का, हा वाद कोर्टकचेऱ्यांतून वाढत गेला आणि ऑगस्ट १७८९ मध्ये लिएजमध्ये क्रांतीच झाली. कारणं अर्थात आणखी पुष्कळ होती. पण ठिणगी पडली ती झऱ्याकाठच्या पत्त्यांच्या टेबलावरून. इतिहासाच्या पुस्तकांत फ्रेंच क्रांतीतलं बास्तीय (बॅस्टिल) सगळ्यांना भेटतं, स्पाची ही हकिकत क्वचितच.

जुगाराने गावाचं नाव झालं तसंच थोडं बिघडलंही. मला त्या काळातल्या स्पाची आठवण ठेवावीशी वाटते ती तिथल्या लाकडी पेट्यांसाठी. गावातले कारागीर लाकूड झऱ्याच्या पाण्यात मुरवत ठेवत. लाकडातला तुरटपणा आणि पाण्यातलं लोखंड एकत्र आलं की लाकडाला सुरेख राखाडी छटा चढते. विळीवर आवळा चिरला की फोडी काळ्या पडतात, किंवा जुन्या काळी हिरडा आणि हिराकस उकळून पोथ्यांची शाई करत, त्यातलीच ही किमया. त्या राखी पृष्ठभागावर बारीक कुंचल्याने फुलं, निसर्गदृश्यं काढायची आणि वर रोगण द्यायचं. पेटीला ‘जोलिते’ म्हणत, बोबलँ ती आठवण म्हणून घरी नेत. पाणी नेता येत नव्हतं, पण त्याचा रंग लाकडात बसून घरी जात होता.

एकोणिसाव्या शतकात न्हाणं आलं. १८६८ मध्ये गावात भव्य स्नानगृह उघडलं, वायूच्या पाण्याची आणि पठारावरच्या शेवाळी चिखलाची स्नानं सुरू झाली. मालिश, वाफ, टॉवेल हे सगळं यानंतरच्या काळातलं. बेल्जियमची राणी मारी-हेन्रिएत हिने अखेरची वर्षं इथेच काढली, १९०२ मध्ये ती इथेच वारली. स्नानासाठीचा झरा तिच्या नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी जर्मन सैन्याचं मुख्यालय याच गावात होतं. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर दुसरा विल्हेल्म इथूनच हॉलंडला निघून गेला.

हे पाणी खरंच गुणकारी होतं का, हाही प्रश्न तुमच्या मनात असेल. रक्तात लोह कमी असलेल्या माणसाला विरघळलेलं लोह रोज पोटात गेल्याने बरं वाटणं अगदी स्वाभाविक. त्यात पहाटे उठणं, रोज मैल-दोन मैल चालणं, रोजच्या दगदगीतून सुटका. मुतखड्यापासून वांझपणापर्यंत जे दावे केले गेले ते पाण्याच्या खात्यावर जमा करता येत नाहीत. आज कुणाला लोह कमी असेल तर रक्त तपासून डॉक्टरांच्या गोळ्या घ्याव्यात. बोअरचं तांबडं पाणी पिण्याचा प्रयोग कुणी करू नये.

पण स्पाचं मला खरं कौतुक वाटतं ते राजेरजवाड्यांमुळे नाही, १८८९ मुळे. त्या वर्षी झऱ्यांभोवती संरक्षित क्षेत्र आखलं गेलं. झरा म्हणजे तोंडाशी बांधलेलं कुंड एवढंच नव्हे, पाऊस जिथे पडतो आणि मुरतो ते सगळं रान म्हणजे झरा, हे त्यांनी तेव्हा ओळखलं. आज हे क्षेत्र सुमारे १३,००० हेक्टर आहे. त्याच पठाराच्या दुसऱ्या एका झऱ्याचं पाणी ‘स्पा रेन’ या नावाने बाटलीत मिळतं. त्यात लीटरमागे सुमारे ३३ मिलिग्रॅमच क्षार असतात. एकाच पावसाचं पाणी एका फटीतून लोखंड घेऊन येतं, दुसरीकडून जवळपास काहीच न घेता. २०२१ च्या जुलैच्या मध्यावर अतिवृष्टीने या डोंगरांतल्या नद्या फुगल्या, गावात पाणी घुसलं. त्याच महिन्यात, २४ तारखेला, युरोपातल्या आणखी दहा जुन्या स्नानगावांसोबत स्पाचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

आपल्याकडे वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, पुढे तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे अशी गरम पाण्याच्या झऱ्यांची ओळच कोकणात आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या १७३९ च्या विजयानंतर वज्रेश्वरीचं मंदिर बांधलं, म्हणजे या पाण्याकाठी माणसांचा राबता जुनाच. ज्या कुंडावर लोक साबण लावून अंघोळ करतात आणि काठावर प्लॅस्टिक टाकून जातात तिथे उभं राहिलं की मला १८८९ आठवतं आणि वाईट वाटतं. कुंडाचा काठ फरशीने बांधणं सोपं असतं. वरच्या डोंगरावरचं रान राखणं अवघड, आणि पाणी येतं ते त्या रानातून.

राजापूरजवळ गंगा अवतरते त्या गावाचं नाव उन्हाळे. गरम पाण्याच्या झऱ्याला कोकणात उन्हाळं म्हणतात, त्यावरून गावाचं नाव पडलं. तिथे झऱ्याने गावाला नाव दिलं, आणि बेल्जियममध्ये गावाने जगभरच्या झऱ्यांना.

आणि तुमच्या सोसायटीसमोरच्या तीन पाट्या? तिथे स्पा हा शब्द चुकीचा नाही. चारशे वर्षं लोकांनी तो हातोहात पुढे नेला, त्याचा अर्थ त्यांच्यासोबत बदलत गेला. चूक आहे ती लॅटिन ओळ. दाराजवळ काही लिहायचंच असेल तर तिच्या जागी दोनच शब्द पुरतील : स्पा, बेल्जियम.